हँडलला बांधलेलं हिरवं रेशीम

लडकू भोईरचे कान हा भिवंडीच्या अख्ख्या कामतघरात चेष्टेचा विषय होता. हा गडी घरी जेवायला बसलेला असला आणि चाळीमागच्या कारखान्यात कापड विणणारा एखादा लूम थांबला, की याचा घास हातातच राहायचा. "बंद पडला," म्हणायचा आणि उष्ट्या हातानं धावत सुटायचा. सत्तारशेठच्या कारखान्याचा तो जॉबर. बिघडलेला लूम दुरुस्त करणं एवढंच त्याचं काम. पण त्यानं आपणहून अंगावर घेतलेलं काम वेगळंच होतं. लूम थांबू द्यायचा नाही.

कारागीर चहाला गेलेला असो, विडी ओढायला गेलेला असो, लडकू जाता जाता हँडल ओढून त्याचा लूम चालू करून टाकायचा. तशी ती सगळ्यांचीच रीत होती म्हणा. शेजारच्याचा लूम उभा दिसला तर हात लांब करून तो चालू करायचा, तेवढंच त्याचं काम पुढे सरकतं. कारखान्यातला शेजारधर्मच तो. फक्त बाकीचे तो पाळायचे आणि लडकू त्याची पूजा करायचा. एखादा धागा तुटला म्हणून कुणी लूम थांबवलाच, तर त्याची काही खैर नसे.

"एका तारेसाठी लूम बंद? कापड काय तुझ्या हळदीला न्यायचा हाय?" असा तो ओरडायचा, की पत्रे थरथरावेत.

त्याची बायको मैना घरी कांड्या भरायची. लूमवर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात जी सुताची कांडी बसते, ती भरण्याचं काम कामतघरातल्या बायकाच करत. ओसरीवर बसून भरायच्या, टोपली कारखान्याच्या दारापर्यंत न्यायची आणि तिथूनच मागे फिरायचं. आत लूमवर बाई उभी राहत नसे. का राहत नाही, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. मैनानं विचारलं. एकदा नाही, उठता-बसता विचारलं. तिला लूम चालवायचा होता, बस्स. बाकी बायकांना सोन्याची हौस असते, हिला धडधडणाऱ्या लोखंडाची होती, त्याला लडकू तरी काय करणार?

सत्त्याहत्तर साली मशीन विकणाऱ्या एका एजंटानं भिवंडीतल्या काही कारखानदारांना जपान दाखवून आणायचं ठरवलं. सत्तारशेठला दोन माणसांची सोय मिळाली. शेठ म्हणाले, "मला मशीनमधलं घंटा कळतं? लडकू कान लावून सांगेल, कुठलं चांगलं." झालं! लडकूचा पासपोर्ट निघाला, बूट आले, शेठच्या धाकट्या भावाचा कोट आला. कोटाच्या बाह्या आखूड होत्या, पण जपानात कोण ओळखतंय म्हणून त्यानं तो चालवून घेतला.

निघायच्या आधी कारखान्याच्या दारात कांड्यांची टोपली टेकवून मैना म्हणाली, "मना तिथून साडी नको, काय नको. तिथं बायका लूम चालवतान का, तवरं बगून या."

सगळा कारखाना ऐकत होता. लडकूला चेव चढला. "अगो, दिसली ना एक जरी बाई लूमवर, तर तुला लूम देईन. शब्द हाय माझा!"

"शेठ, तुमी ऐकलाव," मैना म्हणाली.

"ऐकलं, ऐकलं. मंजूर!" सत्तारशेठ हसत म्हणाले. परदेशी जाणारा माणूस काय, कशालाही हो म्हणतो.

पहिल्याच दिवशी ओसाकाजवळच्या एका मोठ्या कारखान्यात लडकूच्या तोंडचं पाणी पळालं. इथून तिथवर लूम आणि प्रत्येक रांगेत पांढऱ्या टोप्या घातलेल्या पोरी. शेठ त्याच्याकडे बघून मिशीत हसले. लडकू मात्र हार मानणाऱ्यांतला नव्हता. हे लूम आपोआप थांबतात, आपोआप चालतात, त्यात बाईची काय करामत? ह्या पोरी धरायच्याच नाहीत, असा निकाल त्यानं स्वतःच लावला आणि शेठनाही ऐकवला.

मग त्यांना क्योतो शहरात नेलं. तिथं निशिजिन म्हणून विणकरांची वस्ती आहे. लडकूला वाटलं होतं, पुन्हा मोठा कारखाना असेल. निघाल्या अरुंद गल्ल्या, लाकडी जाळीच्या दारांची घरं आणि घराघरातून लूमचा आवाज. तो आवाज कानावर पडला आणि इतके दिवस परक्या मुलखात अवघडलेला लडकू एकदम मोकळा झाला. हे तर आपलं कामतघरच! फक्त गटार उघडं नव्हतं.

बरोबर एक दुभाष्या होता, मुंबईत शिकलेला. तो सांगत होता, या घरात नुसती नक्षी कागदावर काढतात, त्या समोरच्या घरात नक्षीप्रमाणे, लूमवर चढवायच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, पलीकडे रेशीम रंगवतात आणि ती कोपऱ्यावरची माणसं फक्त धोटे बनवतात. एकाचं काम अडलं की तो उठून दुसऱ्याच्या घरी जाऊन बसतो. एकमेकांचं काम बघायचं, नावं ठेवायची, सुचवायचं आणि चहा पिऊन परत यायचं. अख्खी गल्ली मिळून एक कापड होतं. लडकूला ते फार आवडलं. आपल्याकडे शेजारचा कारखानदार आत डोकावला तर शेठ कापडावर चादर टाकतात, हे त्याला आठवलं.

मंडळी पुढे गेली, लडकू रेंगाळला. आणि तेवढ्यात त्याच्या शेजारच्या घरातला लूम थांबला.

आता याला काय म्हणावं? क्योतो काय आणि कामतघर काय, कानांना कुठं नकाशा कळतो? दार अर्धं उघडं होतं. आत डोकावला तर लूम उभा, जवळ कुणी नाही. बिचारा कारागीर चहाला गेला असेल. लडकूनं शहाण्या माणसासारखे बूट दाराबाहेर काढले, आत गेला, लूम नीट न्याहाळला. वरचा नक्षीच्या पट्ट्यांचा डोलारा सोडला तर बाकी सगळं ओळखीचं. त्यानं शेजारधर्म केला. हँडल ओढलं.

लूम सुरू झाला. लडकू समाधानानं बघत राहिला. कापड अरुंद, पट्ट्यासारखं. त्यात सोनेरी जमिनीवर पांढरा, लांब मानेचा पक्षी उठत होता. सुरेख पक्षी! त्याचं डोकं मात्र हिरवंगार होत चाललं होतं.

आतल्या दारातून एक म्हातारी आली. पांढरे केस, कंबरेत वाकलेली, आणि हातात लाल रेशमाचा धोटा. तो लाल धोटा बघितला आणि लडकूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पक्ष्याचं डोकं लाल व्हायचं होतं. लाल धोटा आणायलाच तिनं लूम थांबवला होता.

म्हातारीनं येऊन लूम बंद केला. कापडाकडे बघितलं. "अं," एवढंच म्हणाली.

लडकू हात जोडून उभा राहिला. त्याची पाचावर धारण बसली होती. आता ही ओरडणार, गल्ली गोळा होणार. आपल्या कारखान्यात असं कुणी केलं असतं तर आपण त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या, हे त्याला ठाऊक होतं आणि म्हणूनच तो जास्त घाबरला होता. गल्ली गोळा झालीही. रंगवाला आला, नक्षीवाला आला आणि मागोमाग दुभाष्याला घेऊन सत्तारशेठ धावत आले. झाला प्रकार कळल्यावर शेठनी कपाळावर हात मारला.

"अरे लडकू, तुला काय अक्कल आहे का नाही? लोकाच्या घरात शिरून लूम चालू करतो? माझ्या इज्जतीचा फालुदा केलास!"

म्हातारी दुभाष्याशी काहीतरी बोलली. दुभाष्या जरा गोंधळून म्हणाला, "त्या म्हणतात, चूक त्यांची आहे. लूम मुद्दाम थांबवलाय, हे बाहेरच्या माणसाला कळणार कसं? त्या म्हणतात, माझ्या कामाची काळजी वाटली म्हणून हे आत आले, त्याबद्दल आभार."

लडकूला वाटलं, यापेक्षा दोन शिव्या बऱ्या.

मग तिनं लूमसमोरच्या बाकावर सरकून जागा केली आणि त्यावर हात थोपटला. बस म्हणाली. लडकू तिच्या शेजारी बसला. तिनं एक बारीक सुई त्याच्या हातात दिली, एक आपण घेतली, आणि दोघं मिळून हिरवा धागा उसवायला लागली. मंडळी पुढचं बघायला गेली. शेठ जाताना "आता तरी नीट कर," म्हणाले.

दुपार कलली, तरी ती दोघं उसवतच होती. ती एक आडवा धागा काढायची, लडकू दुसरा. त्याची बोटं वंगण आणि पान्याला सरावलेली. पहिल्या पहिल्यांदा रेशीम हातात ठरेना. ती थांबायची, त्याची सुई जरा तिरकी करून द्यायची, परत आपल्या कामाला लागायची. मध्ये रंगवाला चहा ठेवून गेला, नक्षीवाल्यानं येऊन हिरव्या डोक्याच्या पक्ष्याकडे मान वाकडी करून बघितलं आणि तो असं काही बोलला की म्हातारी खुदकन हसली. लडकूलाही हसू आलं. काय बोलला ते कळलं नव्हतं, तरी आलं.

एवढ्या वर्षांत लडकूनं लूमचा आवाज ऐकला होता, त्याची हाडं न् हाडं ओळखली होती. पण कापडासमोर तो कधी बसला नव्हता. एकेक धागा दुसऱ्याच्या मांडीला मांडी लावून कसा बसलेला असतो, हे त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. आणि लूम थांबलेला असूनही त्याच्या अंगाची आग झाली नाही, हेही त्याच्या लक्षात आलं.

शेवटचा हिरवा धागा निघाल्यावर तिनं लाल धोटा बसवला आणि हँडलकडे बोट दाखवलं. तूच चालू कर. लडकूनं मान हलवली, नाही म्हणाला. तिनं पुन्हा बोट दाखवलं. त्यानं हँडल ओढलं आणि पक्ष्याच्या कपाळावर लाल रंग चढायला लागला. लडकूला रडू आवरेना. ज्यानं बिघडवलं त्याच्याच हातानं ते पुरं करून घेणारी माणसं त्याला आजवर भेटली नव्हती. "आये," म्हणून तो तिच्या पाया पडायला वाकला, तर तीही त्यांच्या रिवाजाप्रमाणे वाकली, आणि दोघांची टाळकी आपटायचीच बाकी राहिली. निघताना तिनं उसवलेलं हिरवं रेशीम पिळून, त्याची छोटी गुंडी करून त्याच्या खिशात घातली.

हॉटेल येईपर्यंत शेठ त्याला बोल लावत होते. लडकूला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

परत आल्यावर पहिल्या शुक्रवारी, कारखान्याला सुट्टी असताना, ओसरीवर बसून त्यानं मैनाला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. गोष्ट हिरव्या डोक्याच्या पक्ष्यापर्यंत आल्यावर मैना हसून हसून लोळली. मग तिनं हिरव्या रेशमाची गुंडी उजेडात धरून बघितली.

"मंग? लूमवर बाईच व्हती ना?"

"बाईच व्हती," लडकू म्हणाला. "मैना, मना तिनं लय काय दिलंन. मी तिला काय दिलं, तं हिरवा डोका. तुला लूम देतो गो. तिचं देनं तसंच फिटंल."

सत्तारशेठना शब्दाची आठवण दिली तर ते म्हणाले, "अरे, ती मस्करी होती!" पण अख्ख्या कारखान्यासमोर मंजूर म्हटलं होतं, आता फिरवणार कसं? शेवटी म्हणाले, "एक बीम देतो. त्या बीमच्या कापडात एक खोट निघाली, तर परत कांड्या. मग माझ्याकडे यायचं नाही." बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा गुंडाळलेला रूळ, तो संपेपर्यंत मैनाची परीक्षा. एवढं सांगून शेठ बहिणीच्या घरच्या लग्नाचं सगळं उरकायला महिनाभरासाठी महापोली गावी गेले.

लडकूनं तिला शिकवलं. मैना शिकली झरझर, पण तिची एक खोड होती. धागा तुटला की ती लूम थांबवायची. पूर्वीचा लडकू असता तर घरात भांडी आपटली असती. आताचा लडकू गप्प राहायचा, आणि ते गप्प राहणं त्याला फार जड जायचं. त्याहून जड होतं दुसरंच. मैना जरा बाजूला गेली की शेजारच्या लूमवरचा सावळाराम सवयीनं हात लांब करून तिचा लूम चालू करायला जायचा. यावर मैनानंच तोड काढली. लूम थांबवला की ती हँडलला ते हिरवं रेशीम बांधायची. लडकूनं सगळ्यांना बजावलं, "हिरवा दोरा दिसला की हँडलला हात लावायचा न्हाय."

"मैनाचा ताईत," म्हणून सावळाराम चिडवायचा. चिडवायचा, पण हात लावत नसे.

बीम संपत आला. कापडात खोट नव्हती. कापड घडी करणारा माणूस पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघायचा आणि मान डोलवायचा. मैना स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली होती. आणि लडकूला, इतकी वर्षं तिला दारातून परत फिरवलं याचं वाईट वाटायला लागलं होतं.

गुरुवारी दुपारी लडकू अंगणात रॉकेलनं हात धूत होता. आतला मैनाचा लूम थांबलेला त्यानं ऐकला. तुटली असेल तार, म्हणून तो हात धूतच राहिला. मग तो लूम चालू झाला. आवाजात धागे फाटत होते. तो तसाच आत धावला.

लूमसमोर सत्तारशेठ उभे होते. लग्नाहून थेट आलेले, अंगात पांढरे कपडे, कानामागे अत्तराचा फाया. लूम थांबलेला दिसला, हँडलला कसलीशी चिंधी अडकलेली दिसली. कुणी अडवायच्या आत त्यांनी ती काढून टाकली आणि चांगुलपणानं लूम चालू करून दिला. तुटलेले धागे मोकळे लोंबत होते, ते धोट्यात अडकले, त्यांनी शेजारच्यांना ओढलं आणि हातभर कापडात जाळं झालं. शेठनी घाबरून लूम बंद केला. हिरवं रेशीम त्यांच्या पायाशी पडलं होतं.

आजूबाजूचे कारागीर माना वळवून बघायला लागले. सावळारामच्या तोंडून निघालं, "शेठ, खोट निघाली. आता काय, बीम फेल?"

लडकूच्या तोंडापर्यंत शिवी आली होती. समोर शेठ आहेत हेही तो विसरला असता. एवढ्यात मैना पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं शेठकडे बघितलं, जाळ्याकडे बघितलं.

"अं," म्हणाली.

शिवी लडकूच्या तोंडातच राहिली.

तिनं तांब्या खाली ठेवला, रेशीम उचलून झटकलं आणि हँडलला परत बांधलं. "शेठ, चूक माजी हाय," ती म्हणाली. "ह्या दोऱ्याचं तुमाला कुनी सांगितलाच नव्हता. माजा लूम बंद नको पडाय म्हनून तुमी आलाव, तुमचे उपकार हायेत." आणि कांड्यांची रिकामी पेटी पायानं सरकवून तिनं लूमसमोर आणली. "बसा."

सत्तारशेठ तिच्याकडे बघत राहिले, मग लडकूकडे. निशिजिनची गल्ली त्यांनीही बघितली होती. कपाळावर हात मारून घ्यायची पाळी या वेळी कुणाची, हे त्यांना चांगलंच कळलं. ते पेटीवर बसले, खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवला, मैनानं पुढे केलेली सुई घेतली, आणि मालक असलेला माणूस आपल्या जॉबरच्या बायकोशेजारी बसून सूत उसवायला लागला. तिनं एकदा त्यांची सुई तिरकी करून दिली.

कारखाना धडधडत होता, पण एकाचंही लक्ष आपल्या लूमवर नव्हतं.

लडकू भिंतीला टेकून उभा राहिला. मैनाला त्या म्हातारीनं कधी बघितलं नव्हतं, मैनानं तिला. तरी एवढ्या लांबून ती म्हातारी इथं पोचली होती. तिचं नावही आपल्या जिभेला पेललं नव्हतं, आणि ही बातमी तिला कळणार नव्हती. लडकूनं हात जोडले ते तिच्यासाठीच. बघणाऱ्यांना वाटलं शेठना जोडले.

तुटलेले धागे मैनानं एकेक करून सांधले. जाळं होतं तिथं पुन्हा नुसतं कोरं, सरळ कापड दिसायला लागलं. मैनानं हँडलचं रेशीम सोडलं. "घ्या शेठ, तुमीच चालू करा."

शेठनी चष्मा पुसला. "त्या दिवशी हॉटेलपर्यंत तुला बोललो ना रे लडकू," ते म्हणाले. "ते सगळं परत घेतो." मग त्यांनी हँडल ओढलं, थोडा वेळ कापडाकडे बघत राहिले आणि एकदम आवाज चढवून म्हणाले, "आणि बघत काय उभा राहिलास? हा बीम संपत आला. हिच्या लूमला दुसरा बीम कोण चढवणार? का तोही मीच आणू?"

मैनानं पदर तोंडावर धरला. ती हसत होती की रडत होती, ते लूमच्या आवाजात कळलं नाही.

भरलेला बीम एकट्याला उचलत नाही. लडकूनं हाक मारायच्या आधीच सावळाराम पुढे झाला. जाताना त्यानं आपला लूम थांबवला. दोघं कोठीतून बीम खांद्यावर घेऊन आले, तेव्हा सावळारामचा लूम तसाच उभा होता. लडकू त्याच्या अगदी शेजारून गेला. त्याचा एक हात मोकळा होता, पण त्यानं त्या हँडलला हात लावला नाही.